मशिनला जॉब भरवणारा हात

ठाणे-नवी मुंबईतल्या वागळे इस्टेट, रबाळे, महापे इथल्या गाळामालकांच्या, म्हणजे छोट्या कारखानदारांच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर हल्ली एका ठरावीक प्रकारचे व्हिडिओ सारखे फिरत असतात. अंधारलेला कारखाना, ओळीने उभी मशिनं आणि त्यांच्यामध्ये एक पिवळा किंवा पांढरा यांत्रिक हात. मशिनचं दार उघडतं, हात आत जातो, तयार नग काढतो, नवा ठेवतो, दार बंद होतं. माणूस कुठेच नाही. व्हिडिओ बघून शेठ विचारतो, "केवढ्याला पडतं?" तोच व्हिडिओ संध्याकाळी ऑपरेटरच्या मोबाइलवर पोचतो आणि तो विचारतो, "म्हणजे आमचा हिशोब झाला का?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण त्यांची उत्तरं व्हिडिओत जे दिसतं त्यात नाहीत. ती कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर राहिलेल्या गोष्टींत आहेत.

मशिन तर आधीच आपोआप चालतं ना?

चालतं. धातू कापायचं काम माणसाच्या हातून केव्हाच गेलंय. १९५२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत आकड्यांच्या आज्ञांवर चालणारं मिलिंग मशिन दाखवलं गेलं. आजची सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणारी, मशिनं त्याच घराण्यातली. एकदा प्रोग्रॅम चढवला की कुठलं टूल कधी आणायचं, किती खोल कापायचं, कोणत्या वेगाने, हे सगळं मशिन पाळतं. लेथमध्ये जॉब, म्हणजे घडवायचा नग, गरगर फिरतो आणि टूल त्याला येऊन भिडतं. व्हीएमसीमध्ये, म्हणजे वरून कापणाऱ्या मिलिंग मशिनमध्ये, जॉब टेबलावर आवळलेला असतो आणि फिरणारं टूल वरून उतरतं.

एवढं सगळं आपोआप होतं, पण जॉब आत ठेवायचा आणि बाहेर काढायचा तो हातानेच. पिठाच्या गिरणीसारखंच हे. दळते गिरणी, गिरणीवाला दळत नाही. तो डबा उचलून धान्य वर ओततो आणि पीठ परत त्याच डब्यात भरून देतो. पण ओतता ओतता धान्य ओलं आहे का, त्यात खडा आहे का, आधी ज्वारी दळली होती की गहू, हेही तो बघून घेतो. त्याला कोणी तपासनीस म्हणत नाही आणि त्या बघण्याचे वेगळे पैसेही देत नाही. सीएनसीसमोरचा ऑपरेटर म्हणजे हा गिरणीवाला. यांत्रिक हात येतो तो ओतायला आणि भरायला. बघण्याचं काय करायचं, हा खरा प्रश्न आहे आणि खर्चही तिथेच आहे.

हे काही कालपरवाचं खूळ नाही. जगातला पहिला औद्योगिक रोबोट, युनिमेट, १९६१ मध्ये न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात बसला. त्याला पहिलं काम मिळालं ते डाय-कास्टिंग मशिनमधून तापलेले नग बाहेर काढायचं. मशिनची चाकरी हीच रोबोटची पहिली नोकरी. पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, आपल्याकडे एमआयडीसी स्थापन झाली आणि तिच्या कामाची सुरुवात वागळे इस्टेटपासून झाली. दोघांनीही साठी ओलांडली, पण छोट्या गाळ्यात त्यांची गाठ पडायला आत्ता कुठे लागली आहे.

अर्ध्या मिनिटात माणूस काय काय करतो

रबाळेतल्या एखाद्या गाळ्यात सीएनसी लेथसमोर थोडा वेळ नुसतं उभं राहून बघा. समजा पंपाच्या फ्लँजचं, म्हणजे पाइप जोडायच्या गोल चकतीचं, काम चालू आहे. मशिन थांबलं की ऑपरेटर दार सरकवतो. आतून कूलंटचा, म्हणजे टूल आणि जॉब थंड ठेवणाऱ्या दुधाळ पाण्याचा, वास येतो. डावा हात जॉबवर, पाय पेडलवर. पेडल दाबलं की चक उघडतो. चक म्हणजे जॉब घट्ट पकडणारा तीन जबड्यांचा पंजा. जॉब हातात आला. आता एअर गनने जबड्यांवर हवा मारायची. हवा मारूनही त्याचं समाधान होत नाही. जॉब जिथे टेकतो त्या जागांवरून तो अंगठा फिरवतो, कारण तिथे केसाएवढी चिप, म्हणजे कापलेल्या धातूचा कीस, जरी अडकली तरी पुढचा जॉब तिरका बसणार आणि रिजेक्ट होणार.

मग कच्चं कास्टिंग, म्हणजे ओतीव नग, उचलतो. उचलताना ते दोन बोटांत फिरवून बघतो. कडेला ओतकामाची फ्लॅश, म्हणजे जादा धातूची पातळ कड, राहिली असेल तर ती बाजू जबड्याखाली येऊ देत नाही. जॉब मागे दाबून टेकवतो, पेडल दाबतो, एकदा हाताने ओढून बघतो, दार लावतो, हिरवं बटण दाबतो. झालं अर्धं मिनिट.

मशिन कापत असताना हा मोकळा बसत नाही. मघाच्या जॉबची बर, म्हणजे कडेला उभी राहिलेली धार, कानशीने काढतो. बोअरमध्ये, म्हणजे जॉबच्या भोकात, मापाचं गेज घालून बघतो. माप सरकायला लागलं असेल तर कंट्रोलवर दहा-वीस मायक्रॉनचा ऑफसेट देतो, म्हणजे टूलची जागा तेवढी सरकवतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आणि कान सतत मशिनकडे असतो. इन्सर्ट, म्हणजे टूलच्या टोकाचा कापणारा तुकडा, बोथट झाला की आवाज बदलतो. जुन्या ऑपरेटरला तो गाळ्याच्या दुसऱ्या टोकाला चहा घेताना कळतो.

यातलं 'उचल आणि ठेव' एवढंच रोबोट सहज करतो. बाकीचं एकेक करून वेगळं विकत घ्यावं लागतं. अंगठा फिरवण्याऐवजी हवेचा झोत आणि जॉब नीट टेकला का ते सांगणारा सेन्सर. फ्लॅश बघण्याऐवजी कॅमेरा, नाहीतर सरळ कास्टिंग पाठवणाऱ्याकडूनच स्वच्छ माल घ्यायची शिस्त. गेजऐवजी मोजणारा प्रोब. कानाऐवजी किती जॉबनंतर इन्सर्ट बदलायचा याची मशिनमध्ये भरलेली मर्यादा. प्रत्येकाला पैसे पडतात. कोटेशनमध्ये यातलं काय आहे आणि काय नाही ते आधी वाचावं. कुठल्या देशाचा हात आहे ते नंतर बघितलं तरी चालतं.

हात, पंजा आणि 'दार उघडलंय का?'

हाताला सहसा सहा सांधे असतात. त्यामुळे तो वाकड्यातिकड्या जागेतही कुठल्याही कोनात मनगट फिरवू शकतो. छोट्या गाळ्यांत बहुधा ज्याची चर्चा होते तो असतो कोबॉट. कोबॉट म्हणजे माणसाच्या शेजारी चालावा म्हणून ताकद आणि वेग आवरून बनवलेला, काही अडलं तर थांबणारा रोबोट. डेन्मार्कच्या युनिव्हर्सल रोबोट्स कंपनीने असा पहिला हात २००८ मध्ये विकला. आज जपानी, चिनी, कोरियन, युरोपीय असे बरेच पर्याय बाजारात आहेत.

हाताच्या टोकाला ग्रिपर बसवतात. हा त्याचा पंजा. बहुतेक ठिकाणी तो कॉम्प्रेसरच्या हवेवर चालतो. इथे एक हिशोब हमखास चुकतो. '१० किलोचा रोबोट' म्हणजे १० किलोचा जॉब उचलणारा रोबोट नव्हे. त्या दहात ग्रिपरचं वजनही आलं. वेळ वाचावा म्हणून पुष्कळदा दुहेरी ग्रिपर लावतात. एका पंजात कच्चा जॉब घेऊन हात आत जातो, दुसऱ्याने तयार जॉब काढतो, मनगट फिरवतो, कच्चा ठेवतो, एका फेरीत दोन्ही कामं उरकतात. पण दुहेरी ग्रिपर ३ किलोचा धरला तर उरले ७, आणि क्षणभर दोन जॉब एकदम हातात असणार, म्हणजे एकेक जॉब साडेतीन किलोच्या आत हवा. पंजा मनगटापासून जितका लांब, तितकी ही मर्यादा आणखी खाली येते.

त्यानंतर येतो हँडशेक. मशिन आणि रोबोट यांच्यात तारांमधून जे सवालजवाब चालतात त्याला हे नाव आहे. ऐकायला किरकोळ वाटतं, पण सेल, म्हणजे मशिन आणि रोबोटची जोडी, बसवताना जास्त दिवस इथेच जातात. रोबोट विचारतो: दार पूर्ण उघडलं का? स्पिंडल, म्हणजे मशिनचा फिरणारा दांडा, थांबला का? मशिन म्हणतं: हो, ये. रोबोट आत जाऊन जॉब धरतो आणि सांगतो: पकडला, आता चक सोड. चक सुटल्याची खूण आली की मगच हात मागे येतो. हा क्रम एका पायरीने जरी चुकला तरी अनर्थ. पकडायच्या आधी चक सुटला तर जॉब खाली पडतो. सुटायच्या आधी हात मागे ओढला तर ग्रिपर वाकतो, नाहीतर जॉब ओरखडतो. माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. रोबोटला प्रत्येक 'मग' आणि प्रत्येक 'जर' लिहून द्यावा लागतो.

आपल्या गाळ्यांत मशिनं बहुधा जुनी, कुठून तरी सेकंडहँड आणलेली. चावीने आवळायचा चक असेल तर आधी हायड्रॉलिक चक हवा. हाताने सरकवायच्या दाराला हवेचा सिलिंडर लावून ते आपोआप उघडेल असं करावं लागतं. जुन्या कंट्रोलमध्ये बाहेरच्या सिग्नलसाठी मोकळी जागा नसेल तर आणखी एक कार्ड आणि चांगला इलेक्ट्रिशियन. असं करता करता हाताच्या किमतीइतकाच खर्च हाताच्या भोवती होऊन बसतो. माझ्या मते विक्रेत्याला विचारायचा पहिला प्रश्न हाच, की हात सोडून बाकीचं किती?

मशिन मायक्रॉनमध्ये, रोबोट मिलिमीटरमध्ये, मग माप कसं जमणार?

ही शंका मुरलेले सेटर, म्हणजे मशिनवर जॉब बसवून माप जुळवून देणारे कारागीर, काढतात आणि ती चुकीची नाही. या वर्गातल्या चांगल्या कोबॉटची पुनरावृत्ती, म्हणजे तो पुन्हा पुन्हा त्याच जागी किती नेमका येतो, साधारण ०.०३ ते ०.०५ मिलिमीटर असते. मशिनवरचा बोअर कधीकधी याहून कितीतरी बारीक मापात हवा असतो.

पण माप रोबोट देत नाही. तो जॉब चकच्या तोंडाशी नेऊन पोचवतो. जबडे आवळले गेले की तेच जॉबला मधोमध आणतात, आणि मागची टेकण त्याला सरळ करते. तुमचा ऑपरेटरही हाताने जॉब काही मायक्रॉनमध्ये ठेवत नव्हता, तोही चकवरच विसंबून होता. फक्त त्याच्या मनगटाला उपजत लवचीकपणा होता. चक आवळताना जॉब किंचित सरकला तर हात सरकू द्यायचा. रोबोटचं मनगट ताठ असतं. म्हणून ग्रिपरमध्ये स्प्रिंग घालतात, किंवा चक आवळताना ग्रिपर क्षणभर सैल सोडतात, किंवा मागून स्प्रिंगच्या पॅडने जॉब टेकणीवर दाबून धरतात. व्हीएमसीवर मात्र जरा जास्त जपावं लागतं. तिथे फिक्स्चरच्या, म्हणजे जॉब धरून ठेवणाऱ्या साच्याच्या, पिनांवर जॉबची भोकं बरोबर बसवायची असतात आणि पिनेला तिरपी सुरुवात दिलेली नसेल तर रोबोट तिथे अडून बसतो.

रात्रभर चालतो म्हणजे नक्की किती वेळ?

व्हिडिओतल्या अंधारामुळे वाटतं की शेठने संध्याकाळी दिवा मालवावा आणि सकाळी येऊन माल गोळा करावा. असे कारखाने आहेत. जपानमध्ये फुजी पर्वताच्या पायथ्याशी फॅनुक कंपनी रोबोटांकडून रोबोट बनवून घेते. पण गाळ्यातल्या एका मशिनचा हिशोब साधा आहे. रोबोटपुढच्या ट्रेमध्ये जॉब किती, आणि एका जॉबला वेळ किती, यांचा गुणाकार.

समजा ट्रेमध्ये ४० जॉब मावतात. एका जॉबची सायकल, म्हणजे भरणं, कापणं आणि काढणं मिळून लागणारा वेळ, साडेतीन मिनिटं. चाळीस गुणिले साडेतीन म्हणजे १४० मिनिटं. दोन तास वीस मिनिटांत ट्रे रिकामा, रोबोट उभा. रात्री दहाला कुलूप लावून गेलात तर साडेबाराच्या आत सगळं शांत. तोच ट्रे, तोच रोबोट, पण जॉबची सायकल १२ मिनिटांची असेल तर ४८० मिनिटं. पूर्ण आठ तासांची पाळी.

आता बघा, पटापट होणाऱ्या छोट्या जॉबला ऑपरेटरची सगळ्यात जास्त दमछाक होते, म्हणून शेठला वाटतं रोबोट आधी तिथेच लावावा. त्या जॉबला दिवसा रोबोट खरोखर सोयीचा, कारण शेजारून जाणारा माणूस ट्रे बदलत राहतो. पण रात्रीच्या कमाईसाठी निवांत, लांब सायकलचे जॉब बरे. नाहीतर ट्रेऐवजी ड्रॉवरची मांडणी किंवा कन्व्हेयर हवा, आणि तेवढी जागा बाराशे चौरस फुटांच्या गाळ्यात कुठून आणायची? गोल सळईपासून होणारे छोटे नग असतील तर रोबोटचा विचारच करू नये. लेथच्या मागे बार फीडर लावला की तो सळई पुढे सरकवत राहतो. स्वस्त, आणि बिघडायला फार काही नाही.

ट्रे भरलेला असूनही रात्री सेल थांबते ती मुख्यतः चिपमुळे. मऊ पोलाद कापताना लांबच लांब चिप निघते, ती जॉबला आणि टूलला गुंडाळते आणि गुंता होतो. दिवसा ऑपरेटर हुक घालून दोन सेकंदांत ओढून काढतो. रात्री तोच गुंता ग्रिपरमध्ये येतो आणि जॉब पकडलाच जात नाही. म्हणून रोबोट आणायच्या आधी चिप तुटेल असा इन्सर्ट आणि फीड, म्हणजे टूल पुढे सरकायचा वेग, बसवून घ्यावं लागतं. आणि पाण्यात मिसळणाऱ्या कूलंटऐवजी निव्वळ कटिंग ऑइलवर मशिन चालत असेल तर बंद गाळ्यात ते एकटं सोडू नये. टूल तुटलं, घर्षणाने ठिणगी पडली, तेलाची वाफ पेटली, असे प्रकार होतात. अशा मशिनवर आपोआप सुटणारी अग्निशमनाची सोय नसेल तर रात्रपाळीला माणूस हवाच.

आपल्याकडे माणूस स्वस्त आहे, मग हा खटाटोप कशाला?

बहुतेक शेठ हा हिशोब रोबोटचा हप्ता विरुद्ध हेल्परचा पगार असा मांडतात. तसा मांडला तर रोबोट हरतो. पण गाळ्यात सगळ्यात महाग वेळ मशिनचा असतो. स्पिंडल फिरला तर कमाई, थांबला की फक्त हप्ता.

आठ तासांची पाळी म्हणजे ४८० मिनिटं. जेवण, दोन चहा, पाळी बदलताना जाणारा वेळ, मध्येच स्टोअरला मारलेली चक्कर, असं तासभर धरू. उरली ४२० मिनिटं. साडेतीन मिनिटांच्या सायकलने १२० जॉब. रोबोट माणसापेक्षा भरभर जॉब बदलतो असं मुळीच नाही. तरणाबांड ऑपरेटर सकाळी त्याला सहज मागे टाकेल. पण रोबोट दुपारच्या जेवणातही तसाच चालतो. ४८० मिनिटं पूर्ण मिळाली तर १३७ जॉब. त्यातले पाच-सात अडथळ्यांत गेले तरी वाढ आहेच.

पैशात बघू. पुढचे सगळे आकडे मानलेले आहेत, आपापले घालून बघावेत. दार, चक, ट्रे, वायरिंगसकट सेल २५ लाखांची. मशिनचा तासाचा दर ५०० रुपये. रोबोटमुळे रोज चार तास जास्त मिळाले तर दिवसाला २,००० आणि ३०० दिवसांचे ६ लाख. वीज, देखभाल, व्याज न धरताही चार वर्षांच्या वर लागतात. रोज आठ तास जास्त मिळाले तर दोन वर्षांच्या आसपास. आणि या सगळ्याला एक अट आहे. त्या जास्तीच्या तासांत कापायला काम हवं. ऑर्डर तेवढीच असेल तर तुम्ही माल लवकर संपवाल आणि रोबोटसकट बसून राहाल.

यात पगाराच्या पत्रकात न दिसणारी एक गोष्ट धरायला हवी. गणपतीत कोकणातला माणूस गावी जातो, होळीला आणि छठला उत्तरेकडचा. त्या आठवड्यांत ठाणे-बेलापूर पट्ट्यात चालू असलेली मशिनं कमी आणि झाकलेली जास्त. जरा हात बसलेला ऑपरेटर मोठ्या कंपनीत कंत्राटी का होईना, पण गणवेश आणि बस मिळते म्हणून निघून जातो. "माणूस स्वस्त आहे" म्हणणाऱ्या शेठलाच गेटवर 'ऑपरेटर पाहिजे'चा बोर्ड वर्षभर लटकवावा लागतो.

जगाच्या तुलनेत आपण कुठे आहोत? आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स महासंघाच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये भारतात ८,५१० औद्योगिक रोबोट बसले. त्या वर्षीच्या नव्या रोबोटांच्या यादीत आपण सातवे. त्यात मोठा वाटा वाहन उद्योगाचा. त्याच वर्षी कारखान्यातल्या दर १०,००० कामगारांमागे रोबोटांची जागतिक सरासरी १६२ होती आणि दक्षिण कोरियाची १,०१२. आपल्याला त्या सरासरीची घाई करायचं कारण नाही. पण पुण्या-चाकणचा मोठा ग्राहक उद्या 'रोज एवढे नग, एकसारखे' असं विचारू लागला तर त्याला काय सांगायचं हे आत्ता ठरवलेलं बरं.

दहा-वीस नगांच्या ऑर्डरी असतील तर?

तर थांबा. जॉबवर्क करणाऱ्या गाळ्यात सकाळी बुश, दुपारी ब्रॅकेट, संध्याकाळी कुणाचा तरी तुटलेला शाफ्ट. प्रत्येक वेळी ग्रिपरची बोटं बदलायची, ट्रेचे खण बदलायचे, रोबोटला जागा शिकवायच्या. कोबॉट हाताने धरून जागा दाखवता येतात हे खरं, त्यामुळे शिकवणं पूर्वीइतकं किचकट राहिलेलं नाही. पण २० नगांसाठी तास-दीड तास जुळवाजुळव केली तर तेवढ्यात ऑपरेटरने निम्मे जॉब काढून दिले असते.

मधला रस्ता आहे. पाच-सहा जॉब असे असतात की ते दर महिन्याला परत येतात. त्यांची बोटं आणि ट्रे तयार ठेवायचे, प्रोग्रॅम साठवून ठेवायचा, आणि हात चाकांच्या टेबलावर बसवून हव्या त्या मशिनपुढे न्यायचा. ज्याच्याकडे असा परत येणारा जॉब नाही, त्याने व्हिडिओ बघून फॉरवर्ड करावा आणि आपल्या कामाला लागावं.

हा हात माणसाला मारणार नाही ना?

मारू शकतो. २०१५ मध्ये हरियाणातल्या मानेसरच्या एका कारखान्यात वेल्डिंगच्या रोबोटच्या तडाख्यात एक कामगार गेला. अमेरिकेत अशी घटना १९७९ मध्येच घडली होती. असे मोठे, वेगवान रोबोट जाळीच्या कुंपणाआड ठेवतात आणि दार उघडलं की वीज तुटते, ते यासाठीच.

कोबॉटला कुंपण लागत नाही असं सांगून विकतात. हे अर्धसत्य आहे. हाताची टक्कर सौम्य असेल, पण त्या हातात काय आहे? बर न काढलेल्या, धारदार कडेच्या तीन किलोच्या फ्लँजला कोबॉटची सौम्यता माहीत नसते. सुरक्षिततेचं मूल्यमापन हात, ग्रिपर, जॉब आणि भोवतालची जागा या सगळ्याचं मिळून व्हायला हवं. त्यासाठी आयएसओ १०२१८ हे मानक आहे, आणि माणसाच्या शरीराच्या कुठल्या भागाला किती जोराचा धक्का सहन होतो याच्या मर्यादा सांगणारा आयएसओ/टीएस १५०६६ हा दस्तऐवज २०१६ मध्ये आला. व्यवहारात बरेच जण जमिनीलगत लेझर स्कॅनर लावतात. माणूस जवळ आला की हात मंदावतो, आणखी जवळ आला की थांबतो.

मला भीती वेगळ्याच गोष्टीची वाटते. आपल्याकडे मशिनच्या दाराचा इंटरलॉक, म्हणजे दार उघडं असताना मशिन चालू न देणारा स्विच, 'कटकट' म्हणून बायपास करायची सवय जुनी आहे. तारेचा एक तुकडा टाकला की झालं. ज्या गाळ्यात हे चालतं तिथे रोबोट आणणं म्हणजे अपघाताला आमंत्रण. समोर मशिन थांबलेलं दिसतं म्हणून माणूस चिप काढायला वाकतो. पण मशिन थांबलेलं असताना रोबोट थांबलेला नसतो, तो फक्त एका सिग्नलची वाट बघत असतो.

मग नोकऱ्यांचं काय?

सरळ सांगायचं तर नुसतं जॉब भरायचं-काढायचं काम कमी होणार. एक माणूस एका मशिनसमोर उभा असायचा, तिथे एक माणूस तीन-चार मशिनं बघेल. ट्रे भरेल, इन्सर्ट बदलेल, दर काही नगांमागे मोजेल, अडकलेला हात सोडवेल. सेटरची गरज मात्र वाढते, कारण रोबोटवाल्या मशिनवर सेटिंग कच्चं राहिलं तर ते झाकायला समोर माणूस नसतो. चुकलेला ऑफसेट एका नगात सापडायचा, तो आता चाळीस नग झाल्यावर सापडेल.

आयटीआयच्या टर्नर, मशिनिस्ट शिकलेल्या मुलांना यात भिण्यासारखं कमी आहे. ज्याला जॉब कसा पकडायचा हे कळतं, त्याला रोबोट शिकवणं जमतं. उलट जमवणं अवघड. नुसती स्क्रीन येणाऱ्या पोराला तीन जबड्यांत पातळ नळी आवळली की ती तिकोनी होते, हे कोण सांगणार? आता आयटीआयमध्ये औद्योगिक रोबोटिक्सचा ट्रेडही आला आहे. पण गाळ्यात रोबोट सांभाळणारा माणूस बहुतेक वेळा तिथलाच एखादा चौकस ऑपरेटर निघतो, आणि त्याला त्या कामाचा पगार वाढवून द्यायला शेठ विसरतात. मग सहा महिन्यांत तो महाप्याहून तळोज्याला जातो आणि मागे राहतो एक महागडा, उभा हात.

जास्त काळजी वाटते ती शिडीच्या खालच्या पायरीची. इलठणपाड्यातून, किसननगरमधून दहावी-बारावीनंतर हेल्पर म्हणून लागलेला मुलगा सुरुवातीला नुसते जॉब उचलून द्यायचा. मग भरायला लागायचा. मग अंगठा फिरवायला, आवाज ऐकायला शिकायचा. काही वर्षांनी त्याच्या हातात ऑफसेट यायचा आणि मग सेटिंग. त्याला हे कुणी बसवून शिकवलं नाही, जॉब भरता भरता ते अंगात मुरलं. भरायचं कामच रोबोटकडे गेलं तर हे मुरणार कुठे? ज्या गाळ्यांत रोबोट आलेत तिथे आजचे सेटर जुन्या शिडीने वर आलेले आहेत. ते निवृत्त होतील तेव्हा त्यांच्या जागी कोण, याची तजवीज कुठल्याच कोटेशनमध्ये नसते. एक-दोन मशिनं मुद्दाम हातानेच भरायची ठेवून नव्या पोरांना आधी वर्षभर तिथे उभं करणं, एवढं तरी गाळामालकांच्या हातात आहे.